एक दाणा उसना, चौसष्ट घरं

मागच्या अंकात या पानावर एक छोटा प्रश्न दिला होता. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात ज्वारीचा एक दाणा ठेवायचा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, चौथ्यात आठ, असं दर घराला दुप्पट करत जायचं, तर चौसष्ट घरांत मिळून दाणे किती? गोष्ट जुनीच आहे, बुद्धिबळाचा खेळ शोधणाऱ्यानं राजाकडं असं बक्षीस मागितलं होतं म्हणतात, अरबी लेखक इब्न खल्लिकाननं तेराव्या शतकात ती लिहून ठेवलीय. उत्तर आहे १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. उत्तरं पाठवणारे बरेच होते पण त्याहून जास्त लोकांनी त्या आकड्याबद्दलच उलटे प्रश्न विचारलेत, आणि प्रश्न इतके चांगले आहेत की यावेळी सगळं पान या एकाच आकड्याला देतोय.

प्रश्न : आकडा कागदावर लिहिला, नातवंडांना दाखवला, पण वाचून दाखवता येईना. कोटीच्या पुढं अब्ज म्हणालो आणि अडकलो. आपल्या भाषेत हा आकडा वाचता येतो का? (एक आजोबा, सेलू)

येतो की आजोबा, पूर्ण वाचता येतो. भास्कराचार्यांनी लीलावतीत, म्हणजे ११५० च्या सुमारास, एकापासून परार्धापर्यंत अठरा नावं दिलीत, प्रत्येक नाव आधीच्याच्या दहापट. कोटीपर्यंत तुम्हाला माहितीच आहेत, त्याच्या पुढं अर्बुद म्हणजे दहा कोटी, मग अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि शेवटी परार्ध. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्य. आपला आकडा वीस अंकी आहे त्यामुळं परार्धाच्याही वर जातो, म्हणून वाचायचा असा : १८४ परार्ध, ४ मध्य, ६ अंत्य, ७ जलधी, ४ शंकू, ४ महापद्म, निखर्व नाही, ७ खर्व, ३ अब्ज, ७ अर्बुद, कोटी नाही, मग ९५ लाख ५१ हजार ६१५. एक काळजी घ्या, हिंदीतला खरब म्हणजे शंभर अब्ज होतो आणि लीलावतीतला खर्व दहा अब्जच, टीव्हीवर ऐकलेलं आणि पुस्तकातलं एकत्र केलं की घोळ होतो.

आणि भास्कराचार्य हे नाव आपल्याला लांबचं नाही बरं का. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावकडं गेलं की पाटणादेवी लागते, तिथं भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा शिलालेख आहे, १२०७ सालचा. आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याला दान मिळालं, असं त्यात आहे. हा चांगदेव देवगिरीच्या सिंघण यादवाच्या दरबारी ज्योतिषी होता. म्हणजे आज आपण ज्याला दौलताबादचा किल्ला म्हणून सहलीला जातो त्या देवगिरीवर कधीकाळी खर्व-निखर्वाचा हिशोब जाणणारी माणसं वावरत होती. लीलावतीत दुपटीचं गणितही आहे, पहिल्या दिवशी दोन कवड्या आणि मग रोज दुप्पट असं महिनाभर दान दिलं तर किती. तीस दिवसांचं उत्तर येतं २,१४,७४,८३,६४६ कवड्या. तुमच्या नातवंडांना आधी ते करायला द्या, मग चौसष्ट घरं.

प्रश्न : सर, उत्तर शेवटी ५ नं संपतं पण मी दर वेळी दोननंच गुणतोय, मग बेरीज विषम कशी काय आली? आणि सगळी चौसष्ट घरं लिहून बेरीज करायची का, मी तिसाव्या घराला चुकलो. (इयत्ता दहावी, औसा)

बाळा, चुकलास ते बरं झालं, कारण चौसष्ट ओळींची बेरीज करायचीच नाही. शेजारच्या काकूंकडून एक दाणा उसना आण. तो पहिल्या घरातल्या एका दाण्याला मिळव, झाले दोन. दुसऱ्या घरात दोनच आहेत, मिळव, चार. तिसऱ्यात चार, मिळव, आठ. असं करत चौसष्टावं घर संपलं की हातात बरोबर २ चा ६४ वा घात येतो, मधे कुठंही हातचा नाही काही नाही. आता उसना दाणा काकूंना परत दे. म्हणून उत्तर २ चा ६४ वा घात वजा एक. विषम का आला तर एकट्या पहिल्या घरात विषम दाणे आहेत, बाकी त्रेसष्ट घरं सम आहेत.

राहिला २ चा ६४ वा घात. त्याला चौसष्ट वेळा गुणायची गरज नाही, सहा वेळा वर्ग कर. २ चा वर्ग ४, ४ चा १६, १६ चा २५६, २५६ चा ६५,५३६, त्याचा वर्ग ४,२९,४९,६७,२९६ आणि शेवटचा एक वर्ग. ही युक्ती आपल्याकडं फार जुनी आहे, पिंगलाच्या छंदःशास्त्रात लघु-गुरूची वृत्तं किती होतात ते मोजायला नेमकं हेच केलंय, अर्धं करत खाली जा आणि वर्ग करत वर ये. शेवटच्या वर्गाला भिऊ नकोस, आकड्याचे दोन तुकडे कर, ४२,९४९ आणि ६७,२९६. पहिल्याचा वर्ग १,८४,४६,१६,६०१, दुसऱ्याचा ४,५२,८७,५१,६१६, आणि दोघांच्या गुणाकाराची दुप्पट ५,७८,०५,९१,८०८. पहिल्यापुढं दहा शून्य, दुपटीपुढं पाच शून्य, तिसरा तसाच, तिन्हीची बेरीज. वहीचं अर्धं पान लागतं. मग नवाचा ताळा करून बघ, म्हणजे अंकांची बेरीज करत एका अंकावर आणायची, तीच नवानं भागल्यावरची बाकी. इथं अंकांची बेरीज ८८ येते, म्हणजे १६, म्हणजे ७. आणि २ चा सहावा घात ६४, त्याची नवानं बाकी १, म्हणून साठावा घातही १ च बाकी देतो, उरले चार घात, १६, म्हणजे ७. जुळलं.

प्रश्न : ऑफिसच्या कॉम्प्युटरवर एक्सेलमध्ये केलं तर १८४४६७४४०७३७०९६००००० येतंय. तुमचं उत्तर वेगळं कसं? शेवटी शून्य म्हणजे याला दहानं भाग जायला पाहिजे ना? (कॉम्प्युटर ऑपरेटर, जालना)

दादा, एक्सेल कुठल्याही आकड्याचे पहिले १५ अंकच ठेवतं, त्यातला शेवटचाही जवळचा धरून (म्हणून ५ चा ६ झालाय), पुढं शून्य भरतं. ते शून्य आकड्यातले नाहीत, नुसती जागा भरलीय. खरं-खोटं कॉम्प्युटरशिवाय तपासता येतं. दोनच्या घातांचे शेवटचे अंक बघा : २, ४, ८, ६, परत २, ४, ८, ६, चारचं चक्र आहे, त्यात शून्य कधी येतच नाही. चौसष्टला चारनं भाग जातो म्हणून ६४ वा घात सहानं संपणार, एक वजा केला की पाच. दहानं भाग जाणं शक्यच नाही, पाचानं मात्र जातो.

प्रश्न : दाण्यांचा आकडा कळला, पोती किती होतील ते सांगा. आम्हाला मोंढ्याची भाषा कळते. (शेतकरी, केज तालुका)

तुमचा प्रश्न वाचून घरच्या काट्यावर दहा ग्रॅम मालदांडी घेतली आणि नातीला बसवून दाणे मोजले, ३०४ भरले. म्हणजे ग्रॅमला तीस धरू, किलोला तीस हजार, शंभर किलोच्या पोत्याला तीस लाख दाणे.

आता पटाची पहिली ओळ, आठ घरं, २५५ दाणे. साडेआठ ग्रॅम, पाखरांना टाकायलाही कमी. दोन ओळी झाल्या की सव्वादोन किलोच्या आत, चार-पाच दिवसांच्या भाकरी. तीन ओळींना साडेपाच क्विंटल. चार ओळींना, म्हणजे अर्ध्या पटाला, १,४३२ क्विंटल, दहा टनाचे चौदा ट्रक लागतील आणि थोडं उरेल. इथपर्यंत एखादा मोठा आडत्या पण देऊ शकेल, राजाला काहीच अवघड नाही, म्हणून तर राजा हो म्हणाला असणार. पण पुढची प्रत्येक ओळ आधीच्या ओळीच्या २५६ पट आहे. पूर्ण पटाला ६ लाख १४ हजार कोटींहून जास्त पोती होतात, टनात ६१ हजार कोटींच्या वर. भारतात सगळं मिळून धान्य, म्हणजे तांदूळ, गहू, ज्वारी, बाजरी, डाळी सगळं, २०२३-२४ मध्ये ३३ कोटी टनांच्या आसपास निघालं. त्या हिशोबानं अठराशे वर्षांहून जास्त काळाचं पूर्ण देशाचं पीक. पेव, कणगी, बळद, गोदाम कशाचाच पाड लागणार नाही.

प्रश्न : वर्गात मुलींनी विचारलं की हा आकडा मूळ संख्या आहे का. पाचनं संपतो म्हणून नाही असं सांगितलं, पण मग त्याचे सगळे मूळ अवयव काय? एवढ्या मोठ्या आकड्याचे अवयव हातानं काढता येतात का? (शिक्षिका, वसमत)

ताई, या प्रश्नासाठी तर पान मोठं घेतलंय. वीस अंकी आकडा कुणी नुसता समोर ठेवला आणि अवयव पाडा म्हणालं तर हातानं करणं जवळजवळ अशक्य आहे, पण हा आकडा पटावर बसलाय आणि अवयव पटावरच दिसतात, मुलींना फळ्यावर पट काढून दाखवा.

पहिलं एकच घर घ्या : १ दाणा. आता दोन घरं घ्या, ३ दाणे. चार घरं, १५. आठ घरं, २५५. सोळा घरं, ६५,५३५. दर वेळी घरांची संख्या दुप्पट केली. चार घरांपासून आठ घरांवर जाताना काय होतं बघा. पहिल्या चार घरांत १५ दाणे, पुढच्या चार घरांत तेच सगळं पण प्रत्येक घर आपल्या जोडीच्या घराच्या सोळापट, म्हणजे १५ गुणिले १६. दोन्ही मिळून १५ गुणिले १७. बस्स, हीच एक गोष्ट परत परत करायची. एकाचे दोन घर करताना ३ नं गुणलं जातं, दोनाचे चार करताना ५ नं, चाराचे आठ करताना १७ नं, आठाचे सोळा करताना २५७ नं, सोळाचे बत्तीस करताना ६५,५३७ नं, आणि बत्तीसाचे चौसष्ट करताना ४,२९,४९,६७,२९७ नं. सहा पायऱ्या, सहा गुणक, आणि त्यांचा गुणाकार म्हणजे आपला आकडा. ३ नं भाग जातो याची खात्री मुली लगेच करतील, अंकांची बेरीज ८७ येते. ९ नं जात नाही हेही त्यातच दिसतं.

यातले ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ हे पाचही मूळ आहेत. फ्रान्सच्या फर्मा या गणितज्ञानं सतराव्या शतकात, १६४० च्या सुमारास, हीच रांग बघितली आणि त्याला वाटलं की अशी प्रत्येक संख्या मूळच असणार. त्याला सिद्ध करता आलं नाही पण विश्वास पक्का होता. फर्मा म्हणजे साधा माणूस नव्हता, त्याचे कितीतरी अंदाज नंतर खरे ठरले. पण हा ठरला नाही, आणि तुटला तो नेमका पुढच्याच पायरीला, आपल्या सहाव्या गुणकाला. १७३२ मध्ये ऑयलर या गणितज्ञानं दाखवलं की ४,२९,४९,६७,२९७ म्हणजे ६४१ गुणिले ६७,००,४१७. म्हणजे बत्तीस घरांपर्यंत फर्माचं बरोबर होतं आणि पटाचा दुसरा अर्धा भाग जोडला की चूक निघाली.

ऑयलरला ६४१ सापडला कसा, तर त्यानं सगळे आकडे घेऊन भागत बसण्याआधी विचार केला. अशा संख्येला भागणारी मूळ संख्या ६४ नं भागल्यावर १ च बाकी देणार हे त्याला आधी कळलं. मग ६४ च्या पटीत एक मिळवून बघायचं : ६५, १२९, १९३, २५७... यात जे मूळ नाहीत ते सोडून द्या, राहतात १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या भागाकाराला काम झालं! मला हे दर वेळी सांगताना आनंद होतो कारण मुलांना वाटतं मोठं गणित म्हणजे मोठी मेहनत.

भागाकार न करताही ६४१ नं भाग जातो हे दाखवता येतं, दहावीच्या मुलींना नक्की जमेल. ६४१ मध्ये दोन गोष्टी लपल्यात. एक, ६४० म्हणजे ५ गुणिले १२८, म्हणजे ६४१ ला एकच कमी. दोन, ६४१ म्हणजे ६२५ अधिक १६. आता बाकीच्या भाषेत बोलू. ६४० ची बाकी 'उणे १' म्हणू. ती चार वेळा गुणली की 'अधिक १'. पण ६४० चार वेळा गुणला म्हणजे ६२५ गुणिले १२८ चा चौथा घात, आणि १२८ हा २ चा सातवा घात आहे म्हणून तो होतो २ चा २८ वा घात. तर ६२५ गुणिले २ चा २८ वा घात याची बाकी १. दुसऱ्या गोष्टीवरून ६२५ ची बाकी 'उणे १६', आणि १६ म्हणजे २ चा चौथा घात. चार आणि अठ्ठावीस बत्तीस. म्हणून 'उणे २ चा ३२ वा घात' याची बाकी १, म्हणजे २ च्या ३२ व्या घाताची बाकी उणे १, त्यात एक मिळवला की शून्य. भाग गेला. एवढं सगळं अर्ध्या फळ्यावर मावतं.

६७,००,४१७ पुढं फुटत नाही, ती मूळ आहे. म्हणून पूर्ण उत्तर : ३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५,५३७ × ६७,००,४१७. सात मूळ अवयव, सगळे वेगवेगळे, एकही दोनदा नाही. म्हणून याचे एकूण विभाजक मोजणं पण सोपं, प्रत्येक मूळ अवयव घ्यायचा किंवा सोडायचा, सात वेळा दोन पर्याय, १२८. दोनच्या घाताला एक कमी असलेल्या आकड्याचे विभाजक पण दोनच्या घाताइतकेच, हे मुलींना शेवटी सांगा, आधी सांगू नका.

आणखी एक. फर्माच्या त्या पाच मूळ संख्या वाया गेल्या नाहीत. गाउस या जर्मन गणितज्ञाचं वय एकोणीसही पूर्ण झालं नव्हतं तेव्हा, १७९६ मध्ये, त्यानं दाखवलं की पट्टी आणि कंपास एवढ्यावर १७ बाजूंची सुसम आकृती काढता येते, त्याच्या आधी दोन हजार वर्षं यात कुणी नवी भर टाकली नव्हती. विषम बाजूंच्या कुठल्या आकृत्या निघतात तर ज्यांची बाजूंची संख्या या फर्मा मूळ संख्या एकदा-एकदाच गुणून येते. त्या आजवर पाचच सापडल्यात. पाचही गुणल्या की ४,२९,४९,६७,२९५ येतात, म्हणजे बरोबर अर्ध्या पटावरचे दाणे, आणि पट्टी-कंपासनं निघू शकणारी विषम बाजूंची सगळ्यात मोठी माहीत असलेली आकृती तेवढ्याच बाजूंची. काढायची कुणी नाही, पण काढता येते हे नक्की. १,४३२ क्विंटल ज्वारी आणि गाउसची भूमिती एकाच आकड्यावर येऊन भेटतात, मला यासारखं सुख दुसऱ्या कशात नाही.

प्रश्न : मोबाईल ६४ बिटचा असतो त्याचा याच्याशी संबंध आहे का? (बीएस्सी, उदगीर)

आहे, तोच आकडा आहे. एक बिट म्हणजे शून्य किंवा एक, म्हणजे एका घरातले दाणे घ्यायचे की नाही. चौसष्ट बिट सगळे एक केले म्हणजे सगळ्या घरांतले दाणे उचलले, म्हणून ६४ बिटमध्ये मावणारा सगळ्यात मोठा पूर्णांक हाच. त्यात आणखी एक मिळवला की जागा संपते आणि मोजणी शून्यावर येते. उलट बाजूनं बघितलं तर शून्यापासून इथपर्यंतचा प्रत्येक आकडा काही घरं घेऊन आणि काही सोडून बनतो, आणि एकाच प्रकारे बनतो. जसं १०० दाणे हवेत तर ६४, ३२ आणि ४ ची घरं, दुसरा मार्गच नाही. करून बघ.

प्रश्न : या आकड्याच्या शेजारचे आकडे कसे आहेत? (इयत्ता नववी, अंबाजोगाई)

किती छान विचारलंस बाळा. एक पुढं गेलीस की २ चा ६४ वा घात, त्याला दोन सोडून दुसरा मूळ अवयव नाही. म्हणजे सात वेगवेगळे अवयव असलेल्या आकड्याला लागून एकच अवयव असलेला. आणि आणखी एक पुढं, १८४ परार्धवाला पण ६१७ नं संपणारा, तो फर्माच्या रांगेतला पुढचा आकडा आहे, कारण आपला आकडा म्हणजे त्या रांगेतल्या आधीच्या सगळ्यांचा गुणाकार, आणि तो गुणाकार पुढच्यापेक्षा नेहमी दोननं कमी असतो. ३ गुणिले ५ म्हणजे १५, पुढचा १७. १५ गुणिले १७ म्हणजे २५५, पुढचा २५७. तसंच.

तो ६१७ वाला पण मूळ नाही, त्याचे अवयव २,७४,१७७ आणि ६,७२,८०,४२,१३,१०,७२१. लँड्री नावाच्या फ्रेंच गृहस्थांनी १८८० मध्ये हे प्रसिद्ध केलं, त्यांचं वय तेव्हा ८२ होतं आणि कॉम्प्युटर नव्हताच. तू गुणाकार पूर्ण नाही केलास तरी चालेल पण नवाचा ताळा कर, दोन्ही अवयवांची नवानं येणारी बाकी काढ, त्यांचा गुणाकार कर, आणि १८४ परार्धवाल्याशी जुळव. दोन्हीकडं ८ यायला पाहिजे.